‘छप्पन सालची स्टिरिओ’ आणि माझे १८० डॉलर

आमच्या घरात ‘ती फुलराणी’चं वेड आईकडून आलेलं. न्यू जर्सीत राहायला आल्यावर त्या वेडाला ‘माय फेअर लेडी’ या इंग्रजी संगीत नाटकाची जोड मिळाली. दोन्हींचं मूळ बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये, म्हणजे तशा त्या मावसबहिणीच. मला हवी होती न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या मूळ कलाकार-संचाची एलपी, म्हणजे गाण्यांची मोठी तबकडी. नाटक १५ मार्च १९५६ ला न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंजर थिएटरात सुरू झालं आणि दहाच दिवसांनी, रविवार साधून, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने अख्ख्या संचाला स्टुडिओत नेलं. नायिका एलायझा झालेली ज्युली अँड्र्यूज तेव्हा वीस वर्षांची होती.

ऑनलाइन एक जाहिरात दिसली: ‘मूळ ब्रॉडवे संच, १९५६, दुर्मीळ स्टिरिओ प्रत’. किंमत १८० डॉलर. फोटोतलं कव्हर खरं होतं. ढगात बसलेला शॉ नायक हिगिन्सला दोऱ्यांवर नाचवतोय आणि हिगिन्स एलायझाला. कव्हरच्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डागही होता. डाग बघून मला उलट खात्रीच पटली, काय सांगू!

विक्रेता गोड बोलायचा. पैसे मात्र ‘मित्र-नातेवाईक’ या पर्यायातून पाठवा म्हणाला, कमिशन वाचतं म्हणे. मी पाठवले. तिथेच माझं नशीब फुटलं, कारण त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंच संरक्षण नसतं.

पार्सल आलं. कव्हरवर कंपनीचा क्रमांक ओएल ५०९०, आतल्या तबकडीवर ओएस २०१५. विचारलं तर म्हणाला, “स्टिरिओ प्रतीचा नंबर वेगळाच असतो.” हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच पचलं. हिगिन्स झालेला रेक्स हॅरिसन तोच, ज्युली तीच, एलायझाचा बाप झालेला स्टॅनली हॉलोवे तोच. दोन महिने मी आनंदाने ऐकत होते.

मग एका रविवारी शेजारच्या आजी चहाला आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, अमेरिकन, शाळकरी वयापासून ही रेकॉर्ड पाठ. एलायझावर भाळलेल्या फ्रेडीचं गाणं लागलं तशा कप खाली ठेवून म्हणाल्या, “हा फ्रेडी नव्हे.” घरी जाऊन स्वतःची प्रत घेऊन आल्या, ओरखड्यांनी भरलेली. त्यात फ्रेडी होता जॉन मायकेल किंग. माझ्या तबकडीत लिओनार्ड वेअर, म्हणजे लंडनचा संच! प्रमुख तिघं ब्रॉडवेवरून लंडनला गेली होती आणि १९५९ साली त्यांनी तीच गाणी तिथे पुन्हा गायली, या वेळी स्टिरिओत. लंडनची प्रत वाईट नाही हो, पण मला तरी त्यात हॅरिसन सरावलेला, थोडा निवांत वाटतो. छप्पनच्या प्रतीत तो अजून धास्तावलेला आहे, आणि तीच तर गंमत.

१९५६ मध्ये स्टिरिओ एलपी बाजारात नव्हतीच. मोठ्या कंपन्यांनी त्या काढल्या १९५८ पासून. ब्रॉडवे संचाची मूळ रेकॉर्ड मोनोच, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला वेगळा आवाज नसलेली. गाणी संपल्यावर लेबलभोवती जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर कोरलेला क्रमांक उजेडात तिरका धरून वाचा: कोलंबियाच्या मोनोवर एक्सएलपी, स्टिरिओवर एक्सएसएम. आणि ‘दुर्मीळ’ म्हणाल तर ही एलपी अमेरिकेच्या खपाच्या यादीत एकूण ४८० आठवडे होती. इथल्या धर्मादाय दुकानांत ती जुन्या स्वेटरांशेजारी दोन-तीन डॉलरला पडलेली असते.

विक्रेत्याने मला ब्लॉक केलं. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने हात वर केले.

एवढं झाल्यावर मी माझं कव्हर पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यावर चहाचा डाग नाहीच. गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नावाने तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तोच, कोपऱ्यात तोच गोल डाग, किंमत २२० डॉलर.