गुणपत्रकावरची नोकरभरती: काही महिन्यांच्या वापरानंतर

सर्वांना तेच प्रश्न विचारणारी मुलाखत, प्रत्यक्ष कामाचा तुकडा करून घेणारी चाचणी आणि ठरीव गुणपत्रक, अशी ही पद्धत. आमचं मत: जरूर वापरा, पण मेहनत सगळी मुलाखतीच्या आधी आहे.

पदावरचं काम नेमकं काय, हे ते करणाऱ्यांकडूनच लिहून घ्यायचं आणि त्यातून चार-पाच निकष काढायचे. खरा वेळ खातात ते गुणांचे नमुने. ‘संवाद चांगला: ४’ एवढंच लिहिलं की प्रत्येक परीक्षक आपापल्या मनातला ४ देतो. त्याऐवजी असं लिहावं: ‘तक्रार नीट समजून घेतली, उपाय आणि मुदत दोन्ही सांगितलं: ५, उपाय सांगितला, मुदत नाही: ३, फक्त नियम ऐकवला: १’. मग गुण जुळायला लागतात.

गुण उत्तर संपताच, एकमेकांशी न बोलता भरायचे. हे पाळलं नाही तर वरिष्ठांचा आकडा सगळ्यांचा होतो. दोन परीक्षकांत दोन गुणांचं अंतर पडलं तर थेट सरासरी काढू नका, आधी नोंदी ताडून पाहा. त्याच प्रश्नावर पुन्हा पुन्हा अंतर पडत असेल तर नमुनाच मोघम आहे.

सर्वांत मोठा धोका एक-दोन गुणांवरून निवड करण्याचा. चाचणीचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात) १० आणि विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर गुण किती जुळतील, ० ते १ मध्ये) ०.८४ असेल, तर मोजमापाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एकाच उमेदवाराचे गुण निव्वळ योगायोगाने साधारण किती हलतात ते, ४ येते. दोघांच्या गुणांतल्या फरकाची त्रुटी ५.७ च्या आसपास. मग ७१ वाला ६९ वाल्यापेक्षा सरस, असं म्हणायला आधारच नाही. दोघांकडून कामाचा आणखी एक नमुना करून घेणं जास्त न्याय्य.

अपेक्षाही माफक हव्यात. श्मिट आणि हंटर या संशोधकांच्या १९९८ च्या आढाव्यात नंतरच्या कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण) ठरीव मुलाखतीचा ०.५१ आणि मोकळ्या गप्पांवजा मुलाखतीचा ०.३८ होता. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सहसंबंध वाढवून धरणाऱ्या जुन्या सांख्यिकी दुरुस्त्या फाजील ठरवल्या, तेव्हा ते अनुक्रमे ०.४२ आणि ०.१९ वर आले. आकडे उतरले, दोन्हींतलं अंतर मात्र वाढलं.

भेदभाव तपासायला अमेरिकेच्या १९७८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतला चार-पंचमांश नियम सोयीचा आहे: एका गटाचं निवडीचं प्रमाण सर्वाधिक प्रमाणाच्या ८० टक्क्यांखाली गेलं की तो टप्पा तपासायचा. पण संख्या लहान असेल तर जपून. एका गटातले २० पैकी १० आणि दुसऱ्यातले २० पैकी ७ निवडले तर गुणोत्तर ०.७, दुसऱ्या गटातला एकच उमेदवार वाढला की ०.८. म्हणून हा हिशेब दर भरतीला करा, पण निष्कर्ष अनेक भरत्यांची बेरीज झाल्यावरच काढा.