भांगेच्या वाखाचा कासरा : एका पावसाळ्यानंतरचे मत

गेल्या पोळ्याच्या आठवडाभर आधी मी आमच्या बैलजोडीसाठी भांगेच्या वाखाचा, म्हणजे सालीच्या धाग्याचा, तीन पेडी दोर ऑनलाइन मागवला. जाडी 10 मिलिमीटर, लांबी 10 मीटर आणि किंमत 640 रुपये. आमच्या कन्नड तालुक्यातल्या आठवडी बाजारात तेवढाच नायलॉनचा दोर पाव किमतीत मिळतो, म्हणून वर्षभर वापरल्याशिवाय मत द्यायचे नाही असे मी ठरवले होते.

हा दोर घेण्याचे कारण आमच्या बैलाच्या मानेवर होते. नायलॉनच्या दाव्याने तिथे केस जाऊन कातडी लाल झाली होती, आणि बैल बुजला की नायलॉनचा कासरा माणसाचा तळहातही सोलून काढतो. माझे वडील बांधावरची अंबाडी कापून, पाण्यात कुजवून तिचा वाख काढत आणि गावातल्या कारागिरांकडून चऱ्हाटे वळून घेत. आता बांधावर अंबाडी उरली ती भाजीपुरती. अंबाडीला इंग्रजीत ‘डेक्कन हेम्प’ म्हणतात, त्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. अंबाडी भेंडीच्या कुळातली आहे आणि भांग अगदी वेगळ्या कुळातली. मात्र दोन्हींचा वाख खोडाच्या सालीतूनच निघतो आणि त्यासाठी खोडे तशीच कुजवावी लागतात.

हातात घेतल्यावर दोर किंचित खरखरीत लागतो, वाळलेल्या गवतासारखा वास येतो आणि पीळ घट्ट आहे. ताण दिला तरी तो नायलॉनसारखा लांबत नाही, त्यामुळे बैल हिसका देतो तेव्हा हाताला लगेच कळते आणि पकड सुटत नाही. खांदेमळणीच्या दिवशी हळद-लोणी लागलेल्या हातांनीही गाठ नीट बसली. दोन महिन्यांत बैलाच्या मानेवर नवे केस आले; माझ्या दृष्टीने पैसे तिथेच वसूल झाले.

उणीव पावसाळ्यात कळली. भिजला की दोर फुगतो आणि गाठ इतकी आवळते की ती सोडवायला खिळा लागतो. सलग चार दिवस झड लागली तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्यात ओला राहिलेल्या टोकावर काळे डाग पडले. त्यानंतर मी तो रोज वळचणीखाली पसरून वाळवू लागलो, आणि पुढे डाग वाढले नाहीत. विक्रेत्याने दोन्ही टोके न बांधताच पाठवली होती, त्यामुळे पेड उलगडू लागले; एवढ्या किमतीत ही हयगय खटकते. आईने घरातल्या अंबाडीच्या सुतळीने ती टोके बांधून दिली.

गोठ्यात येणारे शेजारी पहिल्यांदा विचारतात की यात नशा आहे का. दोर खोडाच्या सालीचा असतो, गांजा मात्र फुलोऱ्याचा. शिवाय धाग्यासाठी पिकवलेल्या औद्योगिक भांगेत नशेचा घटक 0.3 टक्क्यापेक्षा कमी ठेवलेला असतो. तरीही कोणी उत्साहाने बी पेरू नये. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातले कलम 14 धागा व बियांसाठी लागवडीची मुभा देते, पण ती सरकारी परवानगीनेच. उत्तराखंडने अशी परवानगी 2018 मध्ये दिली.

हे पीक आपल्याला परके नाही, याचा पुरावा आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू कालवलेले आढळल्याचे पुरातत्त्व खात्याचे माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि तेव्हा संभाजीनगरच्या विद्यापीठात असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी दाखवून दिले आहे. तो गिलावा शतकानुशतके टिकला, आणि कोरड्या जागी हा वाख किती दिवस साथ देतो हे त्यावरून समजते.

ज्यांचा गोठा ओला राहतो त्यांनी हा दोर घेऊ नये. माझ्याकडे दुसऱ्या बैलासाठीही हाच येणार आहे, फक्त या वेळी 12 मिलिमीटरचा आणि टोके बांधून देणाऱ्याकडून.