रेगेन्सबुर्गची पायी सहल : दगडी पुलासाठी एक दिवस राखून ठेवावा

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील रेगेन्सबुर्ग या डॅन्यूब नदीकाठच्या शहरात स्थानिक गाईडसोबत निघणारी इंग्रजीतील पायी सहल आम्ही उभयतांनी मुलीच्या आग्रहावरून केली. म्युनिकहून रेल्वेने साधारण दीड तासात हे शहर गाठता येते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून मुलाबाळांकडे जर्मनीला जाणाऱ्या पालकांनी राजवाड्यांच्या यादीतला एखादा राजवाडा वगळून इथे यावे, असे मी मनापासून सांगेन. जुन्या शहराला आणि पलीकडच्या तीरावरील श्टाटआमहोफ या वस्तीला 2006 मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला आहे. मात्र तो दर्जा कशासाठी, हे एकट्याने फिरून कळत नाही. त्यासाठी सांगणारे माणूस हवे.

सहलीचे खरे मोल दगडी पुलावर कळते. 1135 ते 1146 या काळात बांधलेला हा पूल पुढची जवळजवळ आठशे वर्षे, म्हणजे 1930 च्या दशकापर्यंत, या शहराचा डॅन्यूबवरचा एकमेव पूल होता. आमच्या गाईड बाईंनी सनावळी सांगण्याआधी सर्वांना कठड्यापाशी उभे केले आणि खाली पाणी पाहायला लावले. पुलाचे खांब होडीच्या आकाराच्या भक्कम दगडी बेटांवर उभे आहेत. ही बेटे पात्राचा बराच भाग अडवतात, त्यामुळे कमानींतून पाणी जोराने घुसते आणि पलीकडे गेल्यावर भोवरे धरते. पुलाला तारणारी हीच बेटे नावाड्यांची मात्र परीक्षा पाहत, कारण प्रवाहाच्या उलट दिशेने येणाऱ्या नावा इथे ओढून न्याव्या लागत. वेदगंगा-दूधगंगेवरचे सखल पूल आणि बंधारे दर पावसाळ्यात पाण्याखाली जाताना पाहिलेल्या आमच्यासारख्यांना हा हिशेब चटकन उमगला, आणि शेकडो पुरांना पुरून उरलेल्या या बांधकामाविषयीचा आदर दुणावला. 1945 च्या एप्रिलमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच पुलाचा काही भाग उडवून दिला होता. पुढे तो दुरुस्त झाला, आणि 2018 मध्ये संपलेल्या मोठ्या डागडुजीनंतर आता तिथे निवांत चालता येते.

पुलाच्या पायथ्याशी सतराव्या शतकातील मिठाचे भव्य कोठार आहे आणि त्याला खेटून सॉसेज भाजणारे प्रसिद्ध जुने उपाहारगृह आहे. उपाहारगृहाच्या भिंतीवर निरनिराळ्या वर्षांच्या पुराच्या खुणा नोंदवलेल्या आहेत, त्या जरूर पाहाव्यात. शाकाहारी मंडळींना तिथे खाण्याजोगे फारसे काही नाही, तेव्हा दशमी-चटणी पिशवीत असू द्यावी.

शहराच्या आतल्या भागात मला सर्वाधिक भावला तो पोर्टा प्रेटोरिया हा रोमन दरवाजा. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात, इसवी सन 179 मध्ये, इथे रोमन सैन्याची छावणी पूर्ण झाली आणि त्या छावणीच्या नदीकडच्या वेशीचा हा अवशेष आहे. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीतून मोठाले काळसर घडीव दगड आणि कमानीचा अर्धगोल बाहेर डोकावतात. शेजारून सायकली जात असतात, आणि बाईंनी थांबवले नसते तर आम्हीही सरळ पुढे गेलो असतो. मध्ययुगीन व्यापाऱ्यांनी इटलीच्या धर्तीवर बांधलेले उंच मनोरे त्यांनी असेच नीट दाखवले. संरक्षणापेक्षा घराण्याची ऐपत दिसावी हा त्यामागचा हेतू होता. सेंट पीटर कॅथेड्रलसाठी दिलेला वेळही पुरेसा होता.

नॉयफार्प्लाट्झ चौकात मात्र घाई झाली, आणि ही माझी गंभीर तक्रार आहे. 1519 मध्ये इथल्या ज्यू लोकांना हाकलून देऊन त्यांची वस्ती आणि प्रार्थनास्थळ पाडण्यात आले. त्या प्रार्थनास्थळाच्या आराखड्यावर शिल्पकार दानी कारावान यांनी साकारलेले पांढरे स्मारक 2005 पासून तिथे आहे. मुले त्यावर बसतात, खेळतात. त्या स्मारकाचा अर्थ सांगायला दोन वाक्ये पुरत नाहीत. शिवाय आमचा गट मोठा होता, बाई चालता चालता बोलत आणि मागच्यांना निम्मे ऐकू येत नसे. सहल नेणाऱ्या संस्थेने गट लहान ठेवावा किंवा कानाला लावायची यंत्रे द्यावीत. वयस्कर मंडळींनी शक्यतो पुढे चालावे आणि मऊ तळव्याचे बूट घालावेत, कारण गल्ल्यांतली दगडी फरसबंदी गुडघ्यांना जाणवते.

जुन्या नगरभवनातील सभागृह या सहलीत येत नाही. जर्मन राज्यांना एकत्र बांधणाऱ्या ‘पवित्र रोमन साम्राज्या’ची कायमस्वरूपी संसद 1663 पासून 1806 पर्यंत तिथे भरत असे. ते केवळ गाईडसोबतच पाहता येते आणि त्याचे तिकीट वेगळे काढावे लागते. इंग्रजी फेरीची वेळ त्याच इमारतीतील पर्यटन माहिती केंद्रात सकाळीच विचारून घ्यावी आणि पायी सहल त्या वेळेच्या बेताने ठरवावी.