मेलिंडाचे मौन: ‘स्पीक’ वाचताना

लॉरी हॉल्स अँडरसन यांची १९९९ साली प्रसिद्ध झालेली ‘स्पीक’ ही इंग्रजी कादंबरी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या नववी-दहावीतल्या मुलींनी, आणि त्यांच्याही आधी त्यांच्या आई-वडिलांनी वाचावी, असे मला मनापासून वाटते. सुट्टीतल्या एका पार्टीत बलात्कार झालेली मेलिंडा पोलिसांना फोन करते. परंतु त्यामागचे कारण कोणालाच ठाऊक नसल्याने शाळासोबती तिलाच वाळीत टाकतात आणि न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या शाळेत नववीत आलेली ही मुलगी हळूहळू बोलणेच सोडते. लेखिकेने हे मौन पानावरही दाखवले आहे: संवादात मेलिंडाची बोलण्याची वेळ येते आणि पुढची जागा कोरी राहते.

तिचे सावरणे मला सर्वांत खरे वाटले ते चित्रकलेच्या तासांमुळे. फ्रीमन सरांच्या वर्गात वर्षभरासाठी तिच्या वाट्याला ‘झाड’ हा एकच विषय येतो. ती ते काढते, बिघडवते, पुन्हा काढते, आणि सर तिला खोदून काही न विचारता वाट पाहतात. घराण्याच्या अब्रूच्या धाकाने मुलींना गप्प बसवणाऱ्या आपल्या खान्देशातल्या घरांनी हा संयम अवश्य पाहावा.

आई-वडिलांचे चित्रण मात्र उथळ आहे, आणि लॅक्रोससारखे तिकडचे खेळ व शालेय रीती आपल्याला परक्या वाटतात. प्रकरणे छोटी आणि भाषा सोपी असल्याने मराठी माध्यमाच्या विद्यार्थिनीलाही शब्दकोश जवळ ठेवून ती वाचता येईल. शिक्षिकेने सोबत वाचल्यास अधिक बरे.