मीटरवर ९६ दाखवणारा मानकुराद

मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आंबे न घेता परतणं ही माझी दरवर्षीची परीक्षा. मधुमेह होऊन ११ वर्षं झाली. यंदा मात्र बाजाराच्या बाहेरच्या अंगाला एक टेबल दिसलं. मानकुराद या गोव्याच्या आंब्यांची रास, पुठ्ठ्यावर ‘शुगर-फ्री, डायबेटिसवाल्यांनी बिनधास्त खा’ आणि शेजारी चक्क ग्लुकोमीटर.

त्या माणसाने आंब्याची पातळशी फोड ग्लासभर पाण्यात कुस्करली, ढवळली, एक थेंब स्ट्रिपला लावला. पाच सेकंदांत ९६! “काका, तुमची उपाशीपोटीची साखर तरी एवढी कमी असते?” नसते. आजूबाजूचे हसले, मीही हसलो आणि डझनाचे १,२०० रुपये मोजले. आत बाजारात तसलेच आंबे ५०० ला होते, पण त्यांची ‘तपासणी’ कुठे झाली होती!

चार रात्री जेवणावर दोन-दोन आंबे खाल्ले. घरात मीटर असून या चार दिवसांत बोटाला सुई लावली नाही, हा शुद्ध गाढवपणा माझा. पाचव्या दिवशी सकाळी उपाशीपोटी १८८ निघाली. एरवी १२५ च्या आसपास असते.

नातू बारावी सायन्सला. त्याने काही न बोलता वाटीभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवली आणि थेंब माझ्याच मीटरला लावला. मीटर म्हणे ‘लो’. म्हणजे साखरेचं पाणीही शुगर-फ्री! स्ट्रिप ओळखते फक्त ग्लुकोज. आपली रोजची साखर म्हणजे सुक्रोज. आंब्यातही मुख्यतः सुक्रोज आणि फ्रुक्टोज, ग्लुकोज थोडं. ते थोडंही त्या विक्रेत्याने ग्लासभर पाण्यात पातळ करून टाकलं होतं. पोटात गेल्यावर मात्र सुक्रोज फुटतं आणि त्यातलं ग्लुकोज रक्तात उतरतंच. शंभर ग्रॅम आंब्यात साधारण १४ ग्रॅम साखर असते. आणि पाकिटावर ‘शुगर-फ्री’ छापायचं तर आपल्याकडच्या नियमाने १०० ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. अशी आंब्याची जात कुठून येणार?

पुढच्या शुक्रवारी गेलो तर टेबल गायब. शेजारी केळी विकणारी मावशी म्हणाली, “बाब, गोड ना तो मानकुराद कसलो?” (गोड नाही तो मानकुराद कसला?) ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करावा, बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जावं, सगळं मनात आलं. पण हातात ना बिल, ना नाव, ना फोटो. तक्रार करणार कोणाची? तुम्हाला असं टेबल दिसलं तर निदान मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. आणि विक्रेत्याचा मीटर फळाला नव्हे, खाल्ल्यावर दोन तासांनी आपला मीटर आपल्याच बोटाला लावा.

डॉक्टर रागावले, पण आंबा बंद केला नाही. अर्धा लहान आंबा, तोही जेवणावर नाही, त्या दिवशी एक चपाती कमी करून. रोजच्याला पेरू, रस न काढता.

उरलेले चार आंबे नातवाने खाल्ले. म्हणाला, “आजोबा, गोड मात्र एक नंबर आहेत.”