शंका घेतली की ‘हाच तुमचा आजार’

खासगी थेरपीतली फसवणूक ओळखायला अवघड, कारण वरवर सगळं जागच्या जागी असतं. वेळ ठरलेली, ५० मिनिटं बोलणं झालेलं, पैसे भरल्याची पावती हातात. गोम असते एका वाक्यात: ‘तुम्हाला शंका येतेय ना, तोच तुमचा रेझिस्टन्स.’ उपचाराला मनातून होणारा विरोध ही खरी गोष्ट आहे, चांगले थेरपिस्टही तिच्याबद्दल बोलतात. पण फी, शिक्षण किंवा ‘अजून किती दिवस?’ अशा साध्या प्रश्नाला हेच उत्तर मिळू लागलं, तर समजा की तक्रारीची वाटच बंद केली गेली. म्हणून हे प्रश्न पहिल्या सेशनआधी विचारायचे. नंतर त्याच माणसापुढे मन मोकळं करून बसल्यावर हिशेबाचं बोलायला जीभ रेटत नाही.

‘थेरपिस्ट’, ‘काउन्सेलर’, ‘कोच’ हे शब्द अनेक देशांत कुणीही पाटीवर लिहू शकतो. ब्रिटनमध्ये ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे नाव कायद्याने राखीव आहे. ‘सायकोथेरपिस्ट’ मात्र नाही. त्यामुळे आपण राहतो तिथे कोणतं नाव राखीव आहे हे आधी बघा, नोंदणी क्रमांक मागा आणि तो अधिकृत नोंदवहीत स्वतः शोधा. त्यांनी पाठवलेला फोटो पुरावा नव्हे. नाव, नोंदणी चालू आहे का, त्यावर काही निर्बंध आहेत का, एवढं पाहायला पाच मिनिटं पुरतात. भिंतीवरची ‘आंतरराष्ट्रीय’ सर्टिफिकिटं वर्गणी भरून मिळालेली असू शकतात; कुठल्याशा संघटनेचं सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे. शिवाय विचारा: वरिष्ठांच्या देखरेखीखाली किती तास काम केलंत आणि आज तुमचं सुपरव्हिजन कोण करतं? सरळ माणूस दोन वाक्यांत सांगतो. ज्याला राग येतो, त्याच्याकडे पुन्हा फोन करायचं कारण नाही.

सुरुवातीचा १५ मिनिटांचा मोफत फोन वाईट नाही. वाईट आहे ते त्या १५ मिनिटांतच ‘बालपणीचा ट्रॉमा’ असं निदान होणं, आणि लगेच २० सेशनचं आगाऊ पॅकेज पुढे सरकवणं, ‘आज भरलंत तर सवलत’. सूर जुळतो की नाही हे कळायला तीन-चार भेटी लागतात. पॅकेज घेतलं की न जुळूनही माणूस पैसे वसूल करायला जात राहतो. प्रत्येक सेशनला पैसे द्या. चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास आधी रद्द न केल्यास फी लागते, हा नियम रास्त आहे. मात्र त्यांनी ऐनवेळी रद्द केलं तर काय, हेही लेखी घ्या.

खरा घोळ होतो उद्दिष्टावर. ‘स्वतःला शोधणं’ हे मोजता येत नाही, म्हणून ते संपतही नाही. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. पहिल्या दिवशी भरा, दर महिन्याला पुन्हा भरा. साधारण पाच गुणांचा उतार म्हणजे खरा फरक. नैराश्यावरची सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारी थेरपी, बहुधा १२ ते २० सेशनची असते, आणि सहा-आठ भेटींनंतरही आकडा हललाच नाही तर योजना बदलायची की माणूस, हे बोलायलाच हवं. सुई किंवा कोळ्यासारख्या एकाच गोष्टीच्या भीतीवर स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच सेशनची पद्धत मांडली. तिथे वर्षभर फक्त गप्पा चालू असतील तर कारण विचाराच. हो, काही पद्धती मुळातच लांबच्या असतात, पण तेही आधी सांगितलेलं असतं.

ओसीडीवाल्यांनी, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन सतत खात्री करावीशी वाटण्याचा आजार असलेल्यांनी, विशेष जपावं. ‘माझ्या हातून काही वाईट तर झालं नाही ना?’ या प्रश्नाला दर आठवड्याला ‘नाही हो, काळजी करू नका’ असं ऐकवणारा थेरपिस्ट फार प्रेमळ वाटतो. दिलाशाने तासभर बरं वाटतं, मग शंका पुन्हा डोकं वर काढते, कारण दिलासा मागणं हेच त्या आजाराचं चक्र आहे. तिथे लागते ईआरपी: भीतीला ठरवून, पायरीपायरीने सामोरं जायचं आणि खात्री करून घेण्याची सवय रोखायची. त्यात त्रास वाढतो, पण कुठल्या सरावाने आणि का, ते आधी ठाऊक असतं. नुसतं ‘बरं होण्याआधी बिघडतंच’ या उत्तरावर समाधान मानू नका.

सगळ्यात धोकादायक सल्ला: ‘गोळ्या बंद करा, मग खऱ्या भावना वर येतील.’ नैराश्याच्या गोळ्या अचानक थांबवल्या की चक्कर, झोप उडणं, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं सुरू होऊ शकतं. मग तीच लक्षणं ‘दडलेलं बाहेर येतंय’ म्हणून दाखवली जातात, आणि सेशन वाढतात. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते. डोस बदलणं हे लिहून देणाऱ्या डॉक्टरचं काम.

‘तुम्हाला आठवत नाही, पण झालंय नक्की,’ असं म्हणून आठवणी उकरणाऱ्यापासूनही लांब राहा. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लोफ्टस यांच्या १९९५ च्या प्रयोगात, ‘लहानपणी तुम्ही दुकानांच्या गर्दीत हरवला होता’ असं नुसतं सुचवल्यावर २४ पैकी सुमारे पाव लोकांना ती न घडलेली गोष्ट थोडीफार ‘आठवली’.

गोपनीयतेला अपवाद असतात, जसे जिवाला धोका, मुलांवरचा अत्याचार, कोर्टाचा आदेश. ते पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजेत. ॲपवर जात असाल तर माहिती कुणाला दिली जाते ते वाचा. २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एका मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीला वापरकर्त्यांची माहिती जाहिरातींसाठी दिल्याबद्दल ७८ लाख डॉलर भरायला लावले. आणि जो थेरपिस्ट दुसऱ्या क्लायंटचे किस्से तुम्हाला रंगवून सांगतो, तो तुमचेही कुठेतरी सांगत असणार. उसने पैसे, भागीदारी, शारीरिक जवळीक यांना तर माफीच नाही.

सोडायचं असेल तर ‘पुढची भेट रद्द, थेरपी थांबवत आहे’ एवढा एक मेसेज पुरतो. निरोपाचं एक सेशन उपयोगी असतं, सक्तीचं नसतं. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र मध्ये खंड पडू देऊ नका. आधी डॉक्टर किंवा इस्पितळाचा तातडीचा विभाग गाठा. तक्रार करायची असल्यास पावत्या, मेसेज आणि ‘शंभर टक्के खात्री’वाली जाहिरात जपून ठेवा. ही जाहिरात तक्रारीची कुणकुण लागताच गायब होते, त्यामुळे आधी स्क्रीनशॉट, मग मेसेज.