अंगावर काढलेला सायनस: स्टिरॉइड फवारा आणि मिठाच्या पाण्याचे आठ महिने

गेल्या ऑक्टोबरपासून मी मोमेटासोन या स्टिरॉइडचा नाकातला फवारा आणि कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुणे, असे दोन उपचार नियमाने करत आहे. त्याआधी जवळजवळ दोन वर्षे मी हे दुखणे अंगावर काढले, आणि त्या काळात खरा उपचार टाळण्यासाठी जी औषधे घेत राहिले त्यांचा त्रास मूळ दुखण्याइतकाच झाला. म्हणून फवाऱ्याविषयी सांगण्याआधी ती दोन वर्षे सांगणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात नाशिकच्या एका पावसाळ्यातल्या साध्या पडशाने झाली. ताप गेला, शिंका थांबल्या, पण डावी नाकपुडी चोंदलेलीच राहिली. डाव्या गालाचे हाड सकाळी ठणकत असे, वाकून चप्पल घालताना कपाळ जड होई, आणि वरच्या दाढा इतक्या दुखत की मी आधी दंतवैद्यांकडे गेले. दाढा ठणठणीत निघाल्या. रात्री घशात कफ उतरत असल्यामुळे खोकल्याने झोप मोडत असे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तिसऱ्या तासालाच आवाज बसत असे. वासही हळूहळू गेला. एकदा गॅसवरचे दूध पूर्ण करपून पातेले काळे झाले, तरी शेजारच्याच खोलीत बसलेल्या मला ते कळले नाही. सुंठ-वेखंडाचा लेप आणि वाफारा यांनी तासाभराचा आराम पडे, त्यापलीकडे काही नाही.

अशी लक्षणे बारा आठवड्यांहून अधिक टिकली की दुखणे जुनाट समजतात, हे मला पुढे समजले. तेव्हा मात्र मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणे टाळत होते, कारण ते स्टिरॉइड देतील याची मला भीती होती. माझ्या मावशीने संधिवातासाठी वर्षानुवर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या. तिचा सुजलेला चेहरा, वाढलेली साखर आणि ठिसूळ झालेली हाडे मी जवळून पाहिली होती. त्या गोळ्या आणि नाकातला फवारा यांत काय फरक आहे, हे कोणाला विचारण्याची तसदी मी घेतली नाही.

त्याऐवजी मी मेडिकलमधून ऑक्सिमेटाझोलीनचे थेंब आणले. पहिल्या रात्री दोन मिनिटांत नाक मोकळे झाले आणि कित्येक आठवड्यांनी मी तोंड मिटून झोपले. हे थेंब तीन, फार तर पाच दिवसांच्या वर वापरायचे नसतात, असे वेष्टनावर छापलेले होते. मी ते चौदा महिने वापरले. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात, पण रोज वापरले की परिणाम ओसरताच आतली त्वचा पूर्वीपेक्षा जास्त फुगते आणि त्यावर पुन्हा तेच थेंब घालावे लागतात. सुरुवातीला दहा तास टिकणारा आराम शेवटी तीन तासांवर आला. पर्समध्ये, उशीखाली आणि शाळेच्या टेबलाच्या खणात अशा तीन बाटल्या मी ठेवत असे.

दुसरी चूक गोळ्यांची. एका पडशासाठी दहा दिवसांपुरत्या लिहून दिलेल्या मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिन या ॲलर्जीवरील औषधांच्या एकत्रित गोळ्या मी जुनी चिठ्ठी दाखवून पाच महिने घेतल्या. सकाळची गुंगी लेव्होसेटिरिझिनमुळे येते, हे मला माहीत होते. मात्र त्या महिन्यांत भीतिदायक स्वप्ने पडू लागली, झोप तुकड्यातुकड्यांत येऊ लागली आणि मुलांवर मी विनाकारण चिडू लागले, याचा संबंध औषधाशी असेल असे मनातही आले नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये मॉन्टेलुकास्टच्या मानसिक परिणामांबद्दल सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा दिला असून, इतर औषधांनी भागत असेल तर ॲलर्जीच्या सर्दीसाठी ते देऊ नये, असेही म्हटले आहे. तज्ज्ञांनी ती गोळी थांबवल्यावर तीन आठवड्यांत माझी झोप पूर्ववत झाली. अनेकांना ती काहीही त्रास न होता चालते, हे मान्य आहे. पण घरातल्या कोणाचा, विशेषतः लहान मुलाचा, स्वभाव ती सुरू असताना बदलला, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

शेवटी मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले, तेव्हा नाकाची दुर्बिणीने तपासणी आणि सीटी स्कॅन झाले. नाकाचा पडदा डावीकडे वाकलेला आणि डाव्या गालातल्या पोकळीचे अस्तर सुजलेले होते, मांसल कोंब (पॉलिप) नव्हते. गालातल्या पोकळीचे तोंड तिच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे सूज आली की आतला स्राव आपोआप वाहून जात नाही, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. फवाऱ्याची रोजची मात्रा २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग, आणि त्यातले एक टक्क्याहूनही कमी औषध रक्तात पोहोचते, हे ऐकल्यावर माझी दोन वर्षांची भीती दहा मिनिटांत ओसरली.

थेंब सोडणे सर्वांत कठीण गेले. आधी उजव्या नाकपुडीतले बंद केले, दहा दिवसांनी डावीकडचे. दुसऱ्या टप्प्यातल्या पाच रात्री मी उशांना टेकून बसूनच काढल्या.

फवाऱ्याने पहिले दोन आठवडे काहीही फरक जाणवला नाही. तो थेंबांसारखा तात्काळ काम करत नाही, हे आधी माहीत नसते तर मी तो सोडला असता. तिसऱ्या आठवड्यात गालाचा ठणका कमी झाला. दुसऱ्या महिन्यात दोनदा घोळणा फुटला. फवारा मी सरळ मधल्या पडद्यावर मारत होते. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरून टोक बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेला ठेवू लागल्यापासून रक्त आलेले नाही. १२० फवाऱ्यांची बाटली रोज चार या हिशेबाने महिनाभर पुरते. नंतर तळाशी द्रव दिसला तरी मात्रेची खात्री नसल्याने मी ती टाकून देते. वडिलांना काचबिंदू असल्यामुळे सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी डोळ्यांचा दाब तपासला. दोन्ही वेळा तो योग्य निघाला.

नाक धुण्यासाठी पाणी खळखळ उकळून कोमट केलेलेच घ्यावे, यात तडजोड नको. न उकळलेल्या पाण्यातला नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, आणि केरळमध्ये अशा मेंदूज्वराचे रुग्ण अलीकडे आढळले आहेत. मीठ पाण्याच्या ०.९ टक्के, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम असले की नाक चुरचुरत नाही. मी मोजलेल्या पुड्याच वापरते. आधी धुणे आणि पंधरा मिनिटांनी फवारा, हा क्रम मला मानवला, कारण उलट केल्यास औषधच वाहून जाते.

आता मात्रा निम्म्यावर आली आहे. दाढा दुखत नाहीत आणि आवाज शेवटच्या तासापर्यंत टिकतो. वास अर्धाच परतला आहे: मे महिन्यात आंब्याची अढी उघडताना तो स्पष्ट आला, पण मोगरा अजून नाकाशी धरावा लागतो. वाकलेला पडदा फवाऱ्याने सरळ होणार नाही, त्यामुळे डावी बाजू दमट हवेत अजूनही चोंदते. ऑगस्टमध्ये पुन्हा दुर्बिणीने तपासणी आहे आणि शस्त्रक्रिया करायची की नाही हे तेव्हा ठरेल. ती तारीख मी पुढे ढकललेली नाही.